काउंटरवरची ट्यूब

तुर्भ्याच्या एपीएमसी बाजारात पहाटेपासून माथाडी कामगारांच्या पाठीवर पोती चढू लागतात. जून लागला की घामाने एकदा भिजलेला सदरा घरी जाईपर्यंत वाळत नाही. टीटीसी पट्ट्यातल्या कारखान्यात पॉलिस्टरचा गणवेश आणि जाड बूट घालून पाळी भरणारा कामगार, गर्दीच्या लोकलमधून वाशी-पनवेल करणारी नोकरदार बाई, चार घरचा स्वयंपाक करणारी मावशी, सगळ्यांची तीच तऱ्हा. एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला पारसिकचा डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत दिघ्यापासून बेलापूरपर्यंत पसरलेली नवी मुंबई. हवा बरेच महिने दमट, त्यामुळे कातडीच्या घड्या ओल्याच राहतात. जांघेत, कमरेच्या नाडीखाली, काखेत, स्तनांखाली एखादा गोल लाल चट्टा उठतो आणि खाज सुरू होते.

जागा अवघड, दाखवायला लाज वाटते, डॉक्टरकडे जायचं तर अर्धा दिवस मोडतो. मग मेडिकलच्या दुकानात जाऊन हळू आवाजात ‘खाजेवर काहीतरी द्या’ म्हटलं जातं. काउंटरवरून एक छोटी ट्यूब पुढे येते. दोन-तीन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, माणूस ट्यूब बाजूला ठेवतो. पंधरवड्यात चट्टा परत येतो, आधीपेक्षा मोठा. पुन्हा तीच ट्यूब. चार-सहा महिन्यांत जांघेतला चट्टा पोटापर्यंत चढतो आणि घरातल्या आणखी दोघांना खाज सुटलेली असते.

हा चट्टा बहुतेक वेळा गजकर्णाचा, म्हणजे नायट्याचा असतो. ही बुरशी आपल्या कातडीच्या वरच्या थरातल्या, केसांतल्या आणि नखांतल्या केराटिन या प्रथिनावर जगते. ती एका बिंदूपासून चहूबाजूंनी पसरते, मधला भाग निवळत जातो आणि कड लाल, उंचावलेली, खवल्यांची राहते. म्हणून गजकर्ण गोल कड्यासारखं दिसतं. एके काळी हा त्वचारोगतज्ज्ञाच्या ओपीडीतला सगळ्यांत सोपा आजार होता. मलम दोन-तीन आठवडे लावलं, फार तर गोळ्या घेतल्या, की प्रश्न मिटायचा. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात हे चित्र पालटलं. महिनोन्‌महिने न हटणारं, अंगभर पसरणारं, अख्ख्या घराला धरणारं गजकर्ण रोजच्या ओपीडीत दिसू लागलं. टर्बिनाफिन या हमखास समजल्या जाणाऱ्या औषधाला बुरशी दाद देईना.

कारण प्रयोगशाळेत सापडलं. टर्बिनाफिन बुरशीचं एक विशिष्ट एन्झाइम बंद पाडतं आणि त्यामुळे बुरशीला आपलं बाह्य आवरण नीट बांधता येत नाही. या नव्या बुरशीत त्या एन्झाइमच्या जनुकातच बदल झाला होता. 2020 मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून तिची स्वतंत्र जात नोंदवली आणि तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालं. मे 2023 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने न्यूयॉर्क शहरातल्या दोन स्त्रियांचे अहवाल प्रसिद्ध केले. त्यांतल्या एकीला ही बाधा बांगलादेशात झाली होती, दुसरीने तर परदेशप्रवासच केलेला नव्हता. जांघेतली लाज म्हणून दडवलेला आजार आता जागतिक आरोग्याच्या चर्चेत आहे, आणि त्यामागच्या कारणांत त्या काउंटरवरच्या ट्यूबकडे त्वचारोगतज्ज्ञ सतत बोट दाखवत आले आहेत.

त्या ट्यूबमध्ये बहुधा तीन गोष्टी एकत्र असतात: बुरशीविरुद्धचं औषध, जिवाणूंविरुद्धचं औषध आणि एक जालीम स्टिरॉइड. खाज थांबवण्याचं काम यातलं स्टिरॉइड करतं. कातडीवर लावायचं स्टिरॉइड वैद्यकाला मिळालेलं मोठं वरदान आहे. 1952 मध्ये अमेरिकेत सल्झबर्गर आणि विटन या डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोनचं मलम गुणकारी ठरत असल्याचं दाखवलं आणि इसबाने पिढ्यान्‌पिढ्या खाजवत आलेल्या रुग्णांना पहिल्यांदा खरा आराम मिळाला. स्टिरॉइड शरीराची प्रतिकाराची झुंज शांत करतं. इसबात ही झुंज विनाकारण चाललेली असते, म्हणून तिथे ते औषध ठरतं. गजकर्णात मात्र ती बुरशीविरुद्ध चाललेली असते. ती थांबवली की लाली आणि खाज जाते, आणि बुरशी निर्धास्त वाढते.

दुसरं नुकसान ओळखीचं. स्टिरॉइड लावलेल्या गजकर्णाची कड पुसट होते, कड्यात कडी उठतात, मधेच पुळ्या येतात. मग अनुभवी डॉक्टरही क्षणभर थबकतो. तिसरं नुकसान कायमचं आहे. जांघेतली आणि काखेतली त्वचा मुळात पातळ असते. तिथे क्लोबेटासॉलसारखं अतिजालीम स्टिरॉइड आठवडेच्या आठवडे लावलं की त्वचा आणखी विरळ होते आणि त्यावर रुंद, लालसर भेगांसारखे पट्टे उमटतात. बुरशी पुढे बरी झाली तरी ते पट्टे राहतात. कॉलेजात जाणारी मुलं-मुली असे पट्टे घेऊन दवाखान्यात येतात, हे खरोखर वाईट आहे, कारण त्यातला प्रत्येक पट्टा टाळता आला असता.

कायदा या बाबतीत पूर्ण झोपलेला नाही. शेड्यूल एच या यादीतली औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, पण वरून लावायच्या औषधांना तिथे बराच काळ सूट होती. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या आयएडीव्हीएल या संघटनेने स्टिरॉइडच्या गैरवापराविरुद्ध खास गट नेमून पाठपुरावा केला. मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टिरॉइड मलमांची सूट काढून घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 328 मिश्र औषधांवर बंदी आली, त्यांत अशी काही मलमंही होती. तरीही चिठ्ठी न विचारता ट्यूब मिळते, हे गल्लीतल्या कुणालाही ठाऊक आहे. म्हणून ग्राहकानेच ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायला हवीत. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं एकही नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे आणि डॉक्टरने ठरवून दिल्याशिवाय ते अंगाला लावू नये.

गजकर्णावरचा खरा उपचार चिकाटी मागतो. बुरशीविरुद्धचं साधं, मिश्रण नसलेलं मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं जागा धरून लावायचं, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही सुमारे दोन आठवडे चालू ठेवायचं. पसरलेल्या आजाराला पोटातून इट्राकोनॅझोलसारखी औषधं लागतात. त्यांचा काळ आठवड्यांत मोजावा लागतो, आणि हृदयाचा किंवा यकृताचा त्रास असणाऱ्यांनी ती स्वतःच्या मनाने घेणं धोक्याचं आहे. घरात जितक्यांना चट्टे असतील तितक्यांचे उपचार एकाच वेळी व्हायला हवेत. टॉवेल, अंतर्वस्त्रं, पांघरूण वेगळं ठेवावं, कपडे गरम पाण्यात धुवावेत. ‘उन्हात वाळवा’ हा सल्ला जुलैतल्या कोपरखैरण्याच्या दोन खोल्यांच्या घरात हास्यास्पद वाटेल, पण अंतर्वस्त्रं अर्धवट ओली न घालता आतून इस्त्री फिरवून घालणं जमण्यासारखं आहे. अंगाला चिकटणाऱ्या जीन्सपेक्षा सैल सुती कपडे बरे. आंघोळीनंतर घड्या कोरड्या करायला दोन मिनिटं द्यावीत.

सगळीच खाज मात्र गजकर्णाची नसते, आणि चुकीची ट्यूब इथेच घरात शिरते.

खाज रात्री अंथरुणात वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, काखेत, पुरुषांच्या जननेंद्रियावर बारीक पुटकुळ्या असतील आणि घरातले सगळेच खाजवत असतील, तर ती बहुधा खरूज. डोळ्याला जेमतेम दिसेल न दिसेल असा कीटक कातडीत बीळ करून अंडी घालतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये खरजेला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांत घेतलं, आणि एका खोलीत सहा-सात जण राहणाऱ्या मजूर वस्त्यांत तिचं ठाण का असतं हे सांगायला नको. खरजेचं औषध स्वस्त आणि नेमकं आहे. पाच टक्के पर्मेथ्रिनचं मलम रात्री मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखालीसुद्धा लावायचं, सकाळी धुवायचं, आठवड्याने पुन्हा लावायचं. फसगत दोन ठिकाणी होते. लोक फक्त खाजणाऱ्या जागी मलम लावतात, आणि घरातला ज्याला खाज नाही तो मलम लावत नाही. बाधा झाल्यावर खाज सुटायला काही आठवडे लागतात, म्हणून सगळ्या घराने एकाच रात्री लावलं पाहिजे. चादरी-कपडे गरम पाण्याने धुवावेत. जे धुता येत नाही ते पिशवीत गच्च बांधून तीन-चार दिवस ठेवलं तरी कीटक मरतो, कारण माणसाच्या अंगाबाहेर तो फार काळ जगत नाही. उपचारानंतरही दोन-तीन आठवडे खाज रेंगाळते, तेवढ्याने घाबरून रोज मलम चोपडू नये.

इसब लहान मुलांत गालांवर सुरू होतं आणि पुढे कोपराच्या व गुडघ्याच्या आतल्या घडीत मुक्काम करतं. अशा घरात बऱ्याचदा कुणाला दमा किंवा सर्दीची ॲलर्जी असते. त्वचेचं कुंपणच कच्चं असल्याने ओलावा टिकत नाही, म्हणून आंघोळीनंतर ओलसर अंगालाच दाट मॉइश्चरायझर लावणं हा उपचाराचा पाया आहे. इथे सौम्य स्टिरॉइड रास्त असतं, आणि ते किती लावायचं याला मापही आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली एक रेघ दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. ट्यूबबद्दल इतकं वाचल्यावर काही आया हे औषधही टाळतील. तसं करू नये. डॉक्टरने सांगितलेल्या मुदतीत ते सुरक्षित आहे, आणि खाजवून रात्रभर रडणाऱ्या मुलाला ते नाकारणं हाही अन्याय आहे.

सोरायसिसमध्ये कोपर, गुडघे आणि डोक्यावर जाड चट्टे आणि चांदीसारखे खवले दिसतात. तो कुणाला लागत नाही. सांधे दुखू लागले तर त्वचेच्या डॉक्टरला ते आवर्जून सांगावं, कारण हा आजार सांध्यांतही उतरतो. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी सोरायसिस झटकन निवळतो आणि त्या थांबवल्यावर कधी कधी पू भरलेल्या पुळ्यांनी अंगभर उसळतो, तेव्हा हमखास गुणाच्या निनावी पुड्यांपासून दूर राहिलेलं बरं.

स्पर्शाने होणाऱ्या ॲलर्जीची उदाहरणं आपल्याकडे घरोघरी आहेत. कैरीचा चीक ओठाला लागून उठणारा फोड, बिब्बा उतल्याने सुजलेलं अंग, दोन्हींमागे एकाच कुळातल्या झाडांची तिखट रसायनं आहेत. टिकलीच्या गोंदातल्या रसायनाने कपाळावर पांढरा ठिपका पडतो. बांधकामावरच्या मजुरांच्या हाताला सिमेंटमधल्या क्रोमियमने इसब होतं. आणि रिकाम्या प्लॉटवर माजणारं गाजर गवत! ते भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते 1955 च्या सुमारास पुण्यात. त्याचे कण हवेतून चेहरा, मान, पापण्यांवर बसतात आणि काहींना आयुष्यभराचा त्वचादाह देतात. अशा वेळी मलमाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे कशाने उठतं ते शोधणं. रुग्णालयात पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या चिकटवून ही तपासणी करता येते.

पावसाळ्यात पायांच्या बोटांत होणाऱ्या चिखल्यांकडे कुणी आजार म्हणून बघत नाही. भिजलेली, पांढरी पडलेली, चिरलेली कातडी म्हणजे जंतूंना उघडं दार. मधुमेही माणसाचा पाय तिथूनच सुजून लाल होतो आणि प्रसंग इस्पितळात भरती होण्यावर येतो. लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणूही तुंबलेल्या पाण्यातून अशाच भेगांवाटे शरीरात शिरतात. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत या तापाची मोठी साथ आली होती. गुडघाभर पाण्यातून यावं लागलं तर घरी येताच पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, आणि पायाला जखम असेल तर प्रतिबंधक गोळीविषयी त्याच दिवशी डॉक्टरला विचारावं.

नागिणीच्या बाबतीत तर वेळच औषध ठरवते. छातीच्या किंवा पोटाच्या एकाच बाजूला आधी जळजळ, मग पाण्याच्या फोडांचा पट्टा. नागिणीची दोन्ही टोकं जुळली की माणूस दगावतो हा समज अजून टिकून आहे. त्यापायी लोक गेरूचे लेप लावण्यात मोलाचे दिवस घालवतात. ही लहानपणच्या कांजिण्यांचाच विषाणू मज्जातंतूत लपून राहून पुन्हा जागा होण्याची गोष्ट आहे. फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर आजार लवकर आटोक्यात येतो. कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर डोळ्याच्या डॉक्टरला लगेच दाखवावं.

चेहऱ्याचं प्रकरण वेगळंच दुखरं आहे, कारण तिथे आजाराशिवायही ट्यूब लावली जाते. 2011 मध्ये देशातल्या बारा केंद्रांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते, त्यांतले कित्येक केवळ गोरं दिसण्यासाठी. वांगावर ठरावीक आठवड्यांसाठी दिलेलं मिश्र मलम मैत्रिणीच्या सल्ल्याने वर्षानुवर्षं चालतं. मग चेहरा लाल होतो, मुरुम फुटतात, लव वाढते, ऊन सोसवत नाही. मलम थांबवलं की आग होते, म्हणून ते सुटत नाही. हे व्यसनासारखंच आहे आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू सोडवावं लागतं. पार्लरमध्ये बिनलेबलच्या डबीतून मिळणारी क्रीम त्याहून घातक. अकोल्यातल्या एकाच घरातल्या मायलेकींची मूत्रपिंडं अशा क्रीमने बिघडली आणि तपासणीत क्रीममध्ये पारा सापडला. केरळमधल्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे 22 रुग्ण तपासले. त्यांतल्या 15 जणांत त्या विकाराचा एक दुर्मीळ प्रकार निघाला आणि या पंधरांपैकी 13 जण गोरेपणाची क्रीम वापरत होते. सावळा रंग हा आजार नाही. त्याच्यासाठी मूत्रपिंड गमावण्याची वेळ कुणाच्याही लेकीवर येऊ नये.

पांढरे डाग दिसले की घराचा धीर सुटतो, म्हणून त्यांच्याकडे शांतपणे पाहायला हवं. छाती-पाठीवर फिकट, नखाने खरवडल्यावर भुसा निघणारे डाग असतील तर ते शिबं. घामट हवेतली ही किरकोळ बुरशी आहे, कीटोकोनॅझोलच्या शाम्पूनेही जाते, रंग परतायला मात्र काही महिने लागतात. दुधासारखा पांढरा, स्वच्छ कडेचा, खवले नसलेला डाग म्हणजे कोड. ते लागत नाही, आणि मलमं, अतिनील किरणांचे उपचार, त्वचारोपण असे बरेच मार्ग आज उपलब्ध आहेत. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी उभी केलेली श्वेता असोसिएशन कोड असलेल्यांना एकत्र आणते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा 2006 चा चित्रपट याच विषयावर आहे. मुलीचं लग्न जमवणाऱ्या घरांनी तो जरूर बघावा.

फिकट किंवा तांबूस डागावर स्पर्श कमी जाणवत असेल तर तो कुष्ठरोग असू शकतो. घरी डोळे मिटून कापसाचा बोळा डागावर आणि शेजारच्या त्वचेवर फिरवला तर फरक समजतो. डाग खाजत नाही, दुखत नाही, म्हणून वर्षानुवर्षं राहून जातो, आणि तेवढ्या काळात हातापायांच्या नसा मरतात. वडाळ्याचं ॲकवर्थ रुग्णालय 1890 पासून आणि पनवेलजवळच्या नेऱ्याचं शांतिवन अनेक दशकांपासून या रुग्णांसाठी उभं आहे. 2005 च्या अखेरीस देशपातळीवर कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाखाली आलं, तरी नवे रुग्ण आजही सापडतात, त्यांत लहान मुलंही असतात. बहुविध औषधोपचाराचा सहा महिने किंवा वर्षभराचा कोर्स सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो आणि आजार पूर्ण बरा होतो.

नवी मुंबईकराला त्वचेच्या डॉक्टरसाठी खाडी ओलांडायची गरज नाही. महापालिकेचं वाशीचं रुग्णालय आहे, नेरूळला डी. वाय. पाटील आणि कामोठ्याला एमजीएम ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून न्याव्यात. लाज वाटून एखादी घरी ठेवली तर डॉक्टरला आजाराचा माग लागत नाही. तपासणीच्या दिवशी चट्ट्यावर काही लावू नये. डॉक्टर कडेचे खवले खरवडून काचेवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधतात. खरवडताना दुखत नाही, आणि निदान बऱ्याचदा त्याच भेटीत होतं.